नर्मदाबाईंचं अक्षर

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात मी कारकून होतो. बागायतदारांची पत्रं फोडायची, साहेबांचा सल्ला टंकून पाठवायचा, हे माझं काम. १९८४ च्या फेब्रुवारीत वालावलहून एक निळं अंतर्देशीय पत्र आलं. परसातला आंबा दरवर्षी मोहरतो पण फळ धरत नाही, उपाय कळवावा. खाली नाव, नर्मदा कोचरेकर.

अक्षर टपोरं, किंचित डावीकडे झुकलेलं. प्रत्येक 'ळ' सावकाश काढलेला. त्याला टंकलेलं उत्तर पाठवायला मन होईना. मी हाताने लिहिलं. फवारणीचं सांगून झाल्यावर कचेरीच्या पत्रात न शोभणारी एक ओळ घातली, 'आपलं अक्षर पाहून दिवस चांगला गेला.'

पुढच्या गुरुवारी उत्तर आलं, 'आपलं पत्र वाचून माझाही.'

मग पत्रं माझ्या घरी येऊ लागली. सुभद्रा, माझी बायको, जाऊन सहा वर्षं झाली होती. भाड्याच्या दोन खोल्यांत मी एकटा. गुरुवारी पोस्टमन गंगाराम कुंपणाच्या बेड्याकडूनच ओरडायचा, "हरिश्चंद्रानू, तुमचा वालावल इला!" मी लगेच फोडत नसे. चहा करायचा, पडवीत बसायचं, कागदाच्या चिकटवलेल्या कडा हलकेच सोडवायच्या. लक्ष्मीनारायणाच्या तळ्यावर आज कुठला पक्षी आला, कोकमं वाळत घातली नि नेमकी सर आली, असलं साधंच त्यात असायचं. मीही बंदरावरचं लिहायचो. सुभद्रेचंही. तिच्याबद्दल मी कोणाशी बोललो नव्हतो.

१९८६ च्या मे महिन्यात पत्र आलं, 'आंबे धरलेत. येऊन पाहा.'

कुडाळला एसटी बदलून वालावलला उतरलो. तळ्याकाठच्या वाटेने घर सापडलं. घरापुढच्या खळ्यात साठीच्या नर्मदाबाई आमसुलं उलटत होत्या. माझं नाव ऐकताच चेहरा फुलला.

"येवा, येवा! गो प्रेमा, पत्रवाले इले!"

प्रेमलता, त्यांची भाची, पाणी घेऊन आली. मी पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला आणि म्हटलं, "इतकं सुंदर अक्षर कुठे शिकलात?"

नर्मदाबाई हसल्या. "माका खंय लिवक येता? तुमची पत्रा ह्या प्रेमा वाचून दाखयता."

मी प्रेमलताकडे पाहिलं. तिने मान हलवली. "मी नाही लिहीत. आत्याला विचारते, उत्तर लिहू का? ती म्हणते, दिलंय."

"मनात देतंय मां," नर्मदाबाई म्हणाल्या. "दुपारी आंब्याखाली बसतंय आणि तुमका सगळा सांगतंय. पोचता म्हणान तर तुम्ही परत लिवतास."

"आणि पहिलं पत्र?"

"ताही मनातच इचारलंय."

मी एक पत्र प्रेमलताच्या हाती दिलं. ती मोठ्याने वाचू लागली. नर्मदाबाई मान डोलावत होत्या, आपलीच वाक्यं ओळखत होत्या. मग प्रेमलता अडखळली. 'माझी पहिली मुलगी दोन दिवसांची होऊन गेली. मनातल्या मनात मी तिचं नाव कावेरी ठेवलं होतं. हे कुणालाच ठाऊक नाही.'

प्रेमलताने पत्र खाली ठेवलं. नर्मदाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"ता मी खराच कोणाक सांगूक नाय," त्या म्हणाल्या. मग हळूच, "बरा झाला, तुमका कळला."

त्यांनी आंबे कापून दिले. प्रेमलताने पाटीवर दोन ओळी लिहून दाखवल्या. तिचं अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. निघताना मी म्हटलं, "नर्मदाबाई, लिहायला शिका. तुमच्या हातचं एक पत्र मला हवंय."

"ह्या वयात?" त्या म्हणाल्या. पण पाटी जवळ ओढली.

एसटीत एक गोष्ट लक्षात आली. बाई मालवणी बोलत होत्या. पत्रं शुद्ध मराठीत होती, माझ्या कचेरीतल्यासारखी.

घाबरायला हवं होतं, ते कळत होतं. पण गुरुवार आला, पत्र आलं, आणि मी चहा ठेवला. पत्रं येत राहिली. त्यांत आता नर्मदाबाईंच्या पाटीची बातमी असायची. कधी 'श' अडे, कधी वेलांटी चुके. मीही उत्तरं देत राहिलो.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी गंगारामने दोन पत्रं दिली. पहिलं पोस्टकार्ड. पेन्सिलीने काढलेली, चढउतरती अक्षरं: 'मी बरी आसंय. तुमी बरे आसास मां? नर्मदा.'

मी ते चारदा वाचलं. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दुसरं निळं होतं. तेच टपोरं अक्षर. शिक्का वालावलचा. पाठीमागे नाव नव्हतं.

'नर्मदाबाई आता स्वतः लिहितात. फार बरं वाटलं.

यापुढे मी माझं लिहीन.

आपल्या खिडकीपाशी टेबल आहे, तेवढं त्याचं पाहा. डावा पाय झिजला आहे. मी लिहिताना हलतं.'

मी आत जाऊन टेबलावर हात टेकला.

हललं.

पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सरकवली. नर्मदाबाईंना उत्तर लिहायला खुर्ची ओढली. बसलो नाही.

पडवीतली दुसरी खुर्ची आणली, आणि शेजारी ठेवली.