दार नसलेल्या घरी शेअरवाला

शिंगणापुरातल्या त्या घरापुढे हर्षलनं टकटक करायला हात उचलला आणि तो हात तसाच राहिला. दारच नव्हतं! नुसती चौकट... आणि चौकटीतून समोर दिसणारी, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेली ज्ञानेश्वरी.

"हाक मारायची असती हितं," ती हसू दाबत म्हणाली.

गुंतवणुकीबद्दल सभा घ्यायला तो नगरहून आला होता. सभेला चिटपाखरूही फिरकलं नाही, म्हणून घरोघर निघाला होता. पण आता सगळं विसरून तो चौकटीवरून हळूच हात फिरवत होता.

"रात्रीसुद्धा... असंच?"

"व्हय."

"आणि दागिने?"

"डब्यात. डबा फळीवर."

त्याचे डोळे असे विस्फारले, की जन्मापासून पाहिलेली आपलीच चौकट ज्ञानेश्वरीला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. तिचा ऊर भरून आला.

"मग शेअर बाजाराचीच एवढी भीती का?" त्यानं विचारलं.

"हितं शनिदेव समोर उभा हाय, शेजारी ओळखीचे हाईत. तुमच्या बाजाराला तोंड कुठंय? बुडालो तर कुनाच्या नावानं वरडायचं?"

त्या दिवशी हर्षल सभेचे कागद आवरून नगरला परतला. पण पुढंही तो येत राहिला — शेअरचं नावही न काढता. तिच्या वडिलांना, आप्पांना, कळायचं ते कळलं.

"सट्टेवाल्याला पोरगी देनार न्हाई," त्यांनी निक्षून सांगितलं. 'कधीच बुडत नाही' म्हणणाऱ्या एका एजंटापायी त्यांचा सख्खा भाऊ पोळला होता.

शेवटी ज्ञानेश्वरीनंच हर्षलला बोलावून आप्पांसमोर बसवलं. आप्पांनी एकच विचारलं, "तुमचा बाजार पडतो का?"

न्हाई म्हना... तिनं मनातल्या मनात हात जोडले. एवढं एकदा खोटं बोला!

"पडतो, आप्पा. कधी कधी फार जोरात. माझेही गेलेत."

संपलं सगळं, असं वाटून तिनं डोळे मिटले.

"शेअरवाल्याच्या तोंडून हे पयल्यांदा ऐकतोय," आप्पा नवलानं त्याच्याकडे बघतच राहिले. "बाजारात मी पाऊल टाकनार न्हाई. पर तुमच्या घरच्यांना घिऊन या."

निघताना तो चौकटीशी घुटमळला. "आणि... तुमचं काय? तुम्ही नाही म्हणालात तर?"

ज्ञानेश्वरी लाजून चूर झाली, पण नजर तिनं खाली घातली नाही.

"त्या दिशी हात उचलून हितं उभं ऱ्हायलात ना," ती म्हणाली, "तवाच आत आलात तुमी."