मनगटावरची बोटं

एक्स-रे काढणाऱ्या माणसाला घरात फारसा मान नसतो. ताई मला ‘फोटोवाला’ म्हणायची. “तुझ्या फोटोत कधी कुणी हसलंय का रे?” असं विचारून स्वतःच हसत सुटायची. त्या दुपारीही ती तशीच आली, डायलिसिस उरकून, भिंतीला धरत धरत, हातात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. एक फोटो कंबरेचा, एक हाताचा.

ते फोटो कशासाठी, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी तिला माझं एक मूत्रपिंड देणार होतो. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, रक्त जुळलं होतं. आईचा मूत्रपिंडांचा आजार ताईकडे आला आणि मी तेवढा सुटलो होतो. आता प्रश्न एकच होता, ताईच्या रक्तवाहिन्या टाका घालण्याइतक्या मऊ उरल्यात का. मूत्रपिंडं थकली की जेवणातलं फॉस्फेट बाहेर पडत नाही. ते रक्तात साठतं, कॅल्शियमला सोबत घेतं आणि वाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसतं. हळूहळू आतून चुना धरतो.

आईचं तसंच झालं होतं, त्यातच ती गेली. फॉस्फेट अडवायच्या गोळ्या जेवणाच्या घासाबरोबर घ्यायच्या असतात. आई मात्र दिवसभराच्या सगळ्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी गिळून टाकायची. “एकदाची ब्याद गेली,” म्हणायची. ताईनं ती चूक कधी केली नाही. गोळी ताटात वाढून घ्यायची, दूध तोडलं, चीज तोडलं. मला तिची फार आशा होती.

आमची खोली तळघरात आहे. खिडकी नाही, त्यामुळे भर दुपारीही तिथे दिवस असल्याचं कळत नाही. मशीन जुनं, फिल्म अजून हातानं धुवावी लागते, आणि डार्करूममधला फिक्सरचा आंबट वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो.

“अंगावर धातूचं काही असेल तर काढ,” मी सवयीनं म्हणालो.

ताई शिवणकाम करायची. सुई टोचू नये म्हणून मधल्या बोटाच्या टोकावर घालायची धातूची टोपी, तिचं अंगुस्तान, तिनं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. “नीट सांभाळ. हरवलंस तर कान उपटीन.” मी ते कोटाच्या खिशात टाकलं.

कंबरेचा फोटो झाला. हाताच्या वेळी तिची बोटं थरथरायला लागली. अशा पेशंटचं मनगट आम्ही नातेवाइकाला शिशाचा एप्रन घालून धरायला लावतो. फिल्मवर कुणाचीतरी परकी बोटं येतात, डॉक्टर कुरकुरतात, पण काम भागतं. ताईबरोबर कुणी नव्हतं. मी तिला सावकाश श्वास घ्यायला सांगितलं, पडद्याआड गेलो आणि थरथर थांबलेली पाहून बटण दाबलं.

डार्करूमच्या लाल उजेडात आधी कंबरेची फिल्म उमटली. जिथे काहीच दिसायला नको होतं, तिथे दोन पांढऱ्या नळ्या खाली उतरत गेल्या होत्या. चुना धरलेल्या वाहिन्या. त्या नळ्यांत कुणाचीही सुई शिरणार नव्हती.

मग हात उमटला. बोटांच्या हाडांना लागून खडूनं ओढाव्यात तशा बारीक रेघा. आणि मनगटावर आणखी काही रेघा... चार, वाकलेल्या, वरून घट्ट आवळलेल्या. त्यांना हाडं नव्हती. नुसत्या वाहिन्या, टोकापर्यंत चुना भरलेल्या.

आधी वापरलेली फिल्म चुकून पुन्हा लावली असेल, असं वाटलं. आमच्यात ही चूक होते. मी स्वतःला शिव्या घालत नवं पाकीट फोडलं आणि बाहेर आलो.

“ताई, हात हलवलास का?”

“नाही रे. तूच तर धरला होतास.”

“मी... मी पडद्यामागे होतो.”

ती मनगटाकडे बघत राहिली. “मग एवढा गार हात... कुणाचा होता?”

मी दुसरा फोटो काढला. नव्या फिल्मवरही ती पकड होती, मघापेक्षा जरा वर सरकलेली. या वेळी मी नीट पाहिलं. चारांतली पहिली रेघ अर्धवट होती, शेवटच्या पेराआधीच संपलेली. कारखान्यात कापड कापताना आईच्या तर्जनीचं टोक पात्याखाली गेलं होतं. लहानपणी आम्ही दोघं त्या थोट्या बोटाला ‘छोटू’ म्हणायचो.

डॉक्टरांनी तिन्ही फिल्म उजेडावर धरल्या. मी मनगटाकडे बोट दाखवलं. “नसाच आहेत, दुसरं काय?” ते म्हणाले. मग चष्मा काढून हळू आवाजात म्हणाले, “ऑपरेशनचं विसरा.”

ताई बाहेर बाकावर बसली होती. “नाही म्हणाले ना?”

मला खोटं बोलता आलं नाही.

“मग त्या गोळ्याही बंद. खडू खाऊन खाऊन तोंडाची चव गेली माझ्या,” ती म्हणाली आणि हसली. मला ते हसणं बघवलं नाही.

पुढे तिची बोटं टोकाकडून काळी पडत गेली. शेवटच्या सकाळी वॉर्डात मी तिचा हात धरून बसलो होतो. ऊन खाटेपर्यंत आलं होतं, तरी तिचं मनगट बर्फासारखं होतं.

“सोड रे...” ती पुटपुटली. “आई ओढतेय... तू नको मध्ये येऊस.”

मी कसा सोडणार? माझी एकुलती एक बहीण ती. मी उलट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तेव्हा तिनंही माझं मनगट पकडलं, आजारी माणसाच्या अंगात नसतं इतक्या जोरानं. ती गेल्यावर नर्सला तिची बोटं एकेक करून उकलावी लागली.

मी पुन्हा कामावर जायला लागलो. माझं मनगट गार पडायचं, ते मनाचे खेळ म्हणून सोडून देत होतो. काल दुपारी खोलीत कुणी नव्हतं. मी आपलाच हात टेबलावर ठेवला आणि लांब वायरीच्या टोकाचं बटण दुसऱ्या हातानं दाबलं.

माझ्या वाहिन्या साफ आहेत. एक रेघ नाही. पण मनगटाभोवती चार वाकलेली बोटं आहेत, चारही पूर्ण, आणि मधल्या बोटाच्या टोकावर धातूची पांढरी टोपी आहे.

मी कोटाचा खिसा चाचपला. ताईला परत द्यायचं राहिलेलं अंगुस्तान खिशातच होतं.