उमैमाला दिसलेला उजेड

त्या संध्याकाळी मी कॉलेजात गेले ती फक्त एक टिचकी मारायला. हसू नका, विज्ञानात अशीही कामं असतात.

साल दोन हजार चार. माझी सहकारी उमैमा प्रयोगशाळेत काचतंतूच्या, म्हणजे ऑप्टिकल फायबरच्या, वेटोळ्यातून लेसरचे अतिसूक्ष्म स्पंद काढायला बघत होती. तो उजेड अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. पण थेट डोळ्यात गेला तर दृष्टी घालवणारा. स्पंद सुरू व्हायला तंतूला नखाने टिचकी मारावी लागते. तिचे दोन्ही हात यंत्राच्या पट्ट्या फिरवण्यात गुंतलेले, म्हणून मला बोलावलेलं.

मारली टिचकी. मोजणीयंत्राच्या पडद्यावर स्पंदांच्या, कंगव्याच्या दातांसारख्या, रेघा उभ्या राहिल्या.

"आल्या! झाली माझी पीएचडी, दर्शनाताई!"

तेवढ्यात वीज गेली. पडदा बॅटरीवर होता, तो चालू राहिला. लेसरला मात्र बॅटरी नव्हती. तरी रेघा जागच्या हलल्या नाहीत.

पंखा थांबला. केस जळल्यासारखा वास यायला लागला. आणि वेटोळ्यातून बारीक टकटक… माझे हात तर मागे होते.

"ताई… आत कोणीतरी आहे."

"उमैमा, मागे हो."

तिने संरक्षक चष्मा काढला. किल्लीच्या भोकातून बघावं तशी ती तंतूच्या उघड्या टोकाकडे वाकत गेली.  मी तिला मागे ओढलं, तर हलेना. शेवटी मी कात्री उचलली आणि तिची कित्येक महिन्यांची मेहनत कचकन कापून टाकली.

टकटक थांबली. ती डोळे चोळत खाली बसली. मी तिला स्कूटरवरून राजिवड्याला तिच्या घरी आणलं. 

घरी वीज होती. तिच्या आईने टीव्हीचा आवाज कमी करायला रिमोट दाबला, तशी उमैमाने किंचाळून डोळे झाकले.

"अम्मी, तो उजेड विझव!"

"कसला उजेड गो? काय झाला तुला?"

रिमोटमधूनही अवरक्त उजेडच निघतो. तो कुठल्याच माणसाला दिसत नाही, असं मी वर्गात शिकवते. 

"तुला… नीट दिसतंय ना?" मी विचारलं.

तिने हात खाली घेतले. नजर शाबूत होती. ती माझ्या खांद्यावरून उघड्या दाराबाहेर बघत होती.

"दार लावा, ताई," ती कुजबुजली. "तो आपल्या मागोमाग आलाय… तुमच्या स्कूटरवर बसलाय."

मी वळून पाहिलं. अंगणात माझी रिकामी स्कूटर उभी होती. आणि मला तिच्यावरूनच एकटीने घरी जायचं होतं.