दोरावरची लाट

चांगुणाच्या हाताला पुन्हा झटका बसला आणि तिचं डोकंच फिरलं. सोनाळ्याच्या शिवारात ज्वारी भरात आली होती आणि ती माळ्यावर बसून पाखरं राखत होती. तिच्या माळ्यापासून शेजारच्या रंगरावांच्या माळ्यापर्यंत एकच लांब दोर बांधलेला, मध्ये पत्र्याचे हलके डबे. कोणीही झटका दिला, की दोन्ही वावरांतली पाखरं उडायची. पण आज आभाळ रिकामं होतं, तरी कोणीतरी दोर हलवतच होतं.

ती उतरली आणि तरातरा बांध ओलांडून गेली.

"कोन हाय बे? काऊन हलवून राह्यला दोर?"

माळ्यावरून डोकावला तो रंगरावांचा निवृत्ती. अकोल्याच्या कॉलेजातून सुट्टीला आलेला. चांगुणाने जीभ चावली.

"लाट पाहून राह्यलो," तो हसला. "दोर जागचा कुठं जात नाही, पण पाह्य, लाट कशी तुह्यापर्यंत पोचते."

"आन् मंग?"

"टोक बांधेल असलं का आपलीच लाट उलटी होऊन परत येते. वरची खाली होऊन."

"दोघांनी दोहीकडून सोडल्या त?"

"मधात भेटतात. तेवढ्यापुरता दोर दुप्पट उठतो. मंग एकमेकींतून पार होऊन... आपापल्या वाटेनं जातात."

जातात? हे काही चांगुणाला आवडलं नाही.

सुट्टीभर दोन्ही माळ्यांवरून लाटा येत-जात राहिल्या. यंदा पोरगी राखण मन लावून करते, म्हणून तिची माय पुष्पाबाई खूश होती. चांगुणाचं मन मात्र दोराच्या दुसऱ्या टोकाला लागलं होतं.

शनिवारी ती बांधावर उभी राहिली.

"सोमवारी देऊळगाव राजाचे पाहुणे येऊन राह्यले. मले पाहाले."

निवृत्तीचा चेहरा उतरला. "मंग तू... हो म्हनशीन?"

"मले काय इचारतं? तुह्या लाटा त आपापल्या वाटेनं जातात ना!"

एरवी सगळं समजावून सांगणारा तो, कानापर्यंत लाल झाला. "मले तू पाह्यजे, चांगुणा," तो कसाबसा म्हणाला. "मी घरी बोलतो. माय तुमच्या घरी निंघाली, का दोर हलवीन."

"आन् नाही निंघाली त?"

निवृत्ती तडक घराकडे वळला.

रविवारी ती उजाडताच माळ्यावर चढली. ऊन वर आलं, तरी दोर गप्पच. शेवटी तिनेच झटका दिला. लाट गेली आणि परत आली... उलटी. तिचीच होती. पुन्हा दिला. पुन्हा उलटी. पलीकडे कोणीच नव्हतं. पाखरं कणसांवर तुटून पडली होती, पण चांगुणाला ती हाकलायची इच्छाच उरली नाही. दोरावर नुसता हात ठेवून ती रडू आवरत बसली.

तेवढ्यात पलीकडचे डबे वाजले. मग मधले. मग अलीकडचे. लाट आली ती सुलटी, आणि तिचा तळवा अलगद वर उचलून गेली. ही तिची नव्हती.

तिने झटकन बांधाकडे पाहिलं. निवृत्तीची माय अन्नपूर्णाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून चांगुणाच्याच घराकडे निघाली होती.

चांगुणाने दोन्ही हातांनी दोर धरला आणि असा झटका दिला, की मधले डबे दणाणले. दोन्ही वावरांतली पाखरं भर्रकन उडाली. अन्नपूर्णाबाई दचकली, एकदा माळ्याकडे बघून हसली आणि पदर सावरत पुढे चालू लागली.