वीणेचा पहारा

सप्ताहाचा पाचवा दिवस. वलगावच्या देवळात दुपारी बाराचा पहारा नत्थुजींचा होता. सात दिवस वीणा भुईला लागू द्यायची नाही; पुढचा माणूस आला की त्याच्या गळ्यात घालायची, मगच जागचं हलायचं. रात्रीच्या कीर्तनात बुवांनी लावलेली चाल नत्थुजींच्या ओठांवर अजून घोळत होती.

कान मात्र आभाळाकडे. नात आचल गावाबाहेरच्या माळावर ग्लायडर शिकत होती आणि आज पहिल्यांदाच एकटी उडणार होती.

"आबाजी, देवळावरून जाईन. वर पाहजा," सकाळी ती म्हणाली होती.

"वीणा सोडून? देवाले काय सांगू?"

"सांगा, नात आली म्हणा!"

दीडच्या सुमाराला ते बिनइंजिनाचं विमान आलं. घरघर नाही, नुसती वाऱ्याची सणसण. फारच खाली. माळ अजून लांब होता. डावा पंख देवळासमोरच्या नत्थुजींच्याच झेंडूच्या शेतात रुतला, विमान गर्रकन फिरलं आणि फुलांत आडवं झालं.

देवळात चिटपाखरू नव्हतं. सगळे पंगतीला गेलेले. नत्थुजींनी गळ्यातून वीणा काढली, पण खाली ठेवायला हात धजेना. नजर शेतावरच ठेवून त्यांनी ती बाजूला धरली.

"धरा हो, माउली!"

कोणीतरी धरली.

ते धावले. टोपी वाफ्यात पडली, वळून पाहायला वेळ नव्हता. काचेचं झाकण उघडून त्यांनी पट्टे सोडवले. आचलच्या कपाळाला खोक पडली होती, पाय मुरगळला होता, आणि पोरगी हसत होती.

"तुमचा झेंडू नासवला, आबाजी."

"नासू दे माय. तू आहे ना!"

शिकवणारे सर जीप घेऊन आले, आचलला घेऊन गेले, तेव्हा कुठे त्यांना वीणा आठवली.

देवळाच्या पायरीवर पुढच्या पहाऱ्याचा गोवर्धन बसला होता. त्यांना पाहताच तो उभा राहिला.

"नत्थुभाऊ, तुमी भाईर कवा आले?"

"कावून?"

"आत्ता त आत वाजवून राहिले होते. मी दोनदा वीणा मागतली, माही पाळी म्हणून. तुमी देल्ली नाही." त्यानं मागं वळून दाराकडे पाहिलं. "म्हणाले, नत्थूले येऊ दे."

आत वीणा वाजतच होती.

नत्थुजींनी मातीचे हात धोतराला पुसले. उंबरा ओलांडला. डोळे मिटले आणि नेहमीसारखी मान पुढे केली.

वीणा गळ्यात आली. पट्टा घामानं ओला होता.

मग कोणीतरी त्यांच्या उघड्या डोक्यावर टोपी नीट बसवली. तिला झेंडूचा वास येत होता.