एवढा जोड झाला की

आमच्या घरात तुटलेली वस्तू टाकून द्यायची सोय नव्हती. चपलेचा पट्टा, इस्त्रीची वायर, बादलीची कडी, काहीही तुटलं की दादा ते उचलायचा, दोन्ही टोकं समोरासमोर धरायचा आणि मग त्याला तहानभुकेचं भान राहायचं नाही. वहिनी म्हणायची, "तुमच्या दादाचं लक्ष हवं असेल तर आधी काहीतरी मोडून ठेवावं लागतं, भाऊजी." दादा मान वर न करता हसायचा.

पोटापाण्यासाठीही तो हेच करायचा, फक्त समुद्रावर. लोकांना वाटतं, आपले फोन, आपले सिनेमे, आपली भांडणं, सगळं आभाळातून जातं. वाटू दे बापडं. त्यातलं बहुतेक सगळं समुद्राच्या तळाशी पडलेल्या केबलमधून जातं. खोल पाण्यात ती बोटाएवढी असते, किनाऱ्याजवळ मनगटाएवढी जाड, आणि आत केसासारखे काचेचे तंतू. कुणाच्या नांगरात अडकून ती तुटली की दुरुस्तीचं जहाज जातं, गळ टाकून दोन्ही टोकं वर काढतं, आणि दादासारखा एखादा जोडारी डेकवरच्या खोलीत बसून एकेक तंतू जुळवतो.

वर आलेली टोकं एकमेकांपर्यंत कधीच पोचत नाहीत. मध्ये नवा तुकडा घालावाच लागतो. त्यामुळे दुरुस्त झालेली केबल दर वेळी आधीपेक्षा थोडी लांब होते. "जोडलेलं कधी आखूड होत नाही," असं दादा ऐटीत सांगायचा, जसा काही हा नियम त्यानेच काढला होता.

मी किनाऱ्यावरच्या केबल स्टेशनात काम करतो. बिनखिडक्यांची इमारत, आत कायम गार हवा आणि यंत्रांची घरघर. दादाचं काम हातांचं, माझं डोळ्यांचं. केबलमध्ये प्रकाशाचा एक ठोका सोडायचा आणि परत आलेल्या उजेडावरून पडद्यावर उमटलेली रेघ वाचायची. जिथे जोड असेल तिथे रेघेला बारीक पायरी दिसते. दादाच्या जोडाची पायरी शोधावी लागायची, इतकी ती पुसट. जहाजावरचे म्हणायचे, याचा हात एवढा हलका की तंतूला कळतच नाही आपण तुटलो होतो. शिवाय तो डावखुरा. सगळे जोडारी वरून काळी पट्टी एका दिशेने गुंडाळतात, हा उलटी गुंडाळायचा आणि शेवटी टोकाला दुमडून छोटासा कान काढून ठेवायचा. पुढच्या माणसाला सोडवायला सोपं जावं म्हणून.

गेल्या हिवाळ्यात आमच्याच केबलच्या दुरुस्तीवर होता. वहिनीने जहाजावर फोन लावला, जेवलात का, कधी येताय, वगैरे. तो कामात होता. "एवढा जोड झाला की येतो," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच दुपारी पाय मोकळे करायला डेकवर आला आणि एका लाटेने त्याला नेलं. जहाज दोन दिवस तिथेच घिरट्या घालत राहिलं. अर्धा राहिलेला जोड दुसऱ्याने पुरा केला. कप्तानाने मला आशा सोडायला सांगितलं. मी सोडली. वहिनीने सोडली नाही. माणूस गेला म्हणायचं तर काहीतरी हाती लागायला हवं, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून दर रविवारी मी तिच्याकडे जायचो. त्या घरची म्हणून आम्ही दोघंच उरलो होतो. तीही हातची जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

उन्हाळा सुरू होताना एका नेहमीच्या चाचणीत रेघेच्या अगदी दूरच्या टोकाला एक पायरी दिसली. पूर्वी ती नव्हती. नवा जोड घालायचा तर केबल आधी कापावी लागते, आणि कापली असती तर अर्ध्या शहराने बोंब मारली असती. एक क्षणही खंड पडला नव्हता. मी साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, यंत्र बिघडलंय. दुसरं यंत्र मागवलं. त्यातही पायरी होतीच, आणि केबलची लांबी पूर्वीपेक्षा जास्त भरत होती.

पुढच्या चाचणीत आणखी एक पायरी होती, पहिलीच्या अलीकडे. मग तिसरी, तिच्याही अलीकडे. सगळ्या पुसट. आमच्याकडे अशी पुसट पायरी एकाच माणसाची असायची, आणि हे साहेबांनाही ठाऊक होतं. ते पडद्याकडे बघायचे टाळायला लागले.

शेवटी पायरी किनाऱ्याला लागली तेव्हा मी आणि साहेब भर उन्हात किनाऱ्यावरच्या वाळूत उतरलो. तिथे वाळूखाली काँक्रीटची एक कोंदट खोली आहे, वर लोखंडी झाकण. समुद्राची केबल तिथे वर येते आणि जमिनीवरच्या केबलला मिळते. झाकणाचे बोल्ट गंजून बसले होते, ते काढताना साहेबांना घाम फुटला. आत केबलचं एक वेटोळं पडलं होतं. जादा लांबी नीट गोल करून ठेवावी तसं. आणि कंपनीने घातलेल्या जुन्या जोडाच्या पुढे, स्टेशनच्या बाजूला, दुसरा जोड होता. काळी पट्टी. उलटी गुंडाळलेली. टोकाला कान.

साहेबांनी त्यावर हात ठेवला आणि लगेच काढून पँटला पुसला. मग मी ठेवला. जोडावर प्लास्टिक वितळवून बसवतात, ते काही वेळ कोमट राहतं. हा कोमट होता.

"जुनं काम असेल कुणाचं तरी," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर गेले.

मी वहिनीला सांगायला नको होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण रविवारी तिने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, काय झालंय, आणि मला खोटं बोलता येत नाही. ती दचकली नाही. उठून तिने त्याच्या चपला दारातून आत घेतल्या.

"म्हणजे अजून जोडच चाललाय," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. केबल स्टेशनात येऊन संपते, त्यापुढे घरापर्यंत तिचा संबंध नाही, आणि मुळात मेलेली माणसं केबल जोडत नाहीत. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, की त्याला पुढे यायचं असेल तर पुढे काहीतरी तुटलेलं लागेल ना.

त्यानंतरच्या रविवारी गेलो तर अंगणातली कपड्यांची दोरी जमिनीला टेकली होती. चादरीची कड मातीत लोळत होती. दोरीच्या मधोमध काळी पट्टी, उलटी, टोकाला कान. आधी मला वाटलं, तिनेच केलंय. मी तिला माझ्यासमोर पट्टी गुंडाळायला लावली. तिला तो कान काढता येईना. स्वतःच्याच धांदरटपणावर ती हसली, कितीतरी महिन्यांनी हसली. मला फार बरं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग भीती वाटली.

मग सगळं दाखवलं तिने. टेबलावरच्या दिव्याची वायर, जोडलेली, आता जमिनीवर लोळणारी. पिशवीचा बंद, जोडलेला. पिशवी खांद्याला लावली की तिच्या गुडघ्याला लागत होती. माझी मोजायची टेप. ती मी तिच्याकडेच विसरलो होतो. कापून जोडलेली, आणि मधल्या तुकड्यावर एकही आकडा नव्हता.

"तो दिसतो का?" मी विचारलं.

"नाही हो. कापून समोर ठेवते आणि बसते. डोळा लागतोच. उघडला की झालेलं असतं, कोमट असतं अजून." तिने दिव्याची वायर मांडीवर घेतली. "तेवढा वेळ तरी घरात असतो ना."

मी म्हणालो, वहिनी, हा दादा नाही.

"मग कोण आहे?"

मी वायर तिच्या मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली.

"लहान कामं आहेत ही, भाऊजी," ती म्हणाली. "पटकन होऊन जातात. मोठं काम असलं तर थांबेल."

मी घरातल्या कात्र्या, सुऱ्या गोळा करून घेऊन गेलो. उलट तिनेच सुऱ्या कागदात गुंडाळून दिल्या. पुढच्या खेपेला ती दारात पाठमोरी उभी होती. तिची वेणी कमरेपर्यंत असायची. आता ती पोटरीपर्यंत आली होती. मधोमध काळी पट्टी.

मी पाया पडलो तिच्या. खरंच पडलो. म्हटलं, माझ्याकडे राहायला चल, हे घर सोड, मी तुला हात जोडतो. तिने मला उठवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि उद्या तुमचा डबा स्टेशनवर आणून देते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डबा आला. मी यंत्रापाशी होतो, ती भिंतीपाशी थोडा वेळ थांबली आणि गेली. अंगात स्वेटर होता. उन्हाळ्यात स्वेटर कशाला, असं मनात आलं, पण विचारायचं राहिलं.

डबा संपवून हात धुवायला उठलो तेव्हा भिंतीवरचा खिळा रिकामा दिसला. किनाऱ्याजवळची जाड केबल कापायची लांब दांड्यांची कात्री तिथे टांगलेली असायची.

मी धावतच गेलो.

दार उघडंच होतं. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. कात्री टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलेली, धुऊन कोरडी केलेली. वहिनी खुर्चीत बसली होती, थकलेली, पण ठीक. मी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"दुखलं नाही हो," ती म्हणाली. "तुमच्या दादाचा हात हलका आहे, माहितीये ना."

मी विचारलं, "थांबला?"

"बराच वेळ." तिने खिडकीकडे पाहिलं. डोळे कोरडे होते. "पण जोड झाला की जातो."

स्वेटरची उजवी बाही मनगटापर्यंत नीट होती. डावी कोपराच्या थोडी खालीच कापलेली होती. तिच्या पुढे काळी पट्टी होती, आणि पट्टीला कान.

"न्या ही तुमची," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी कात्री माझ्यापुढे धरली.

डावा हात आधी पोचला.