सोफिया ते वार्ना, पन्नास मिनिटं

सांगतो ते खरं आहे. माझ्या बायकोच्या भाचीवर, नेवेनावर गुदरलेलं. हसायचं असेल त्याने हसावं.

गेल्या वर्षीचा माफीचा रविवार. भर दुपार.

आमची राजधानी सोफिया ते समुद्राकाठचं वार्ना, हवाई अंतर चारशे किलोमीटरही नाही. विमानाला पन्नास मिनिटं पुरतात. नेवेनाला अकरा वर्षं लागली.

वार्नाला आईच्या मातीला ती पोचली नव्हती. बाप कबरीपाशी उभा राहून फोनवर ओरडला होता, "पन्नास मिनिटं! तेवढीसुद्धा नव्हती तुझ्याजवळ? आता तोंड दाखवू नकोस."

तिने दाखवलं नाही.

आता बाप ऐंशीचा झाला होता. माफीच्या रविवारी धाकट्यांनी हाताचं चुंबन घेऊन माफी मागितली, की थोरांना "देव क्षमा करो" म्हणावंच लागतं. म्हणून तिने मुद्दाम तोच दिवस धरला. घरी कळवलं नाही. कळवलं तर दारच उघडणार नाहीत, ही भीती.

बाराला विमान उडालं.

साडेबाराला तिचे ओठ गार पडले... बर्फ लावल्यासारखे.

मग मागून खोकला आला.

बापाचा खोकला. दोनदा. मग घसा खाकरणं...

ती वळली. मागच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या.

आणि कानाशी, अगदी कानाशी... "देव क्षमा करो, पोरी."

एकला दहा कमी असताना विमान टेकलं. विमान सुखरूप उतरलं की वाजवतात तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती मागच्या खुर्च्यांकडे बघत राहिली.

दीडला ती बापाच्या दारात होती. भाऊ त्सान्कोने दार उघडलं. मिशीला सणाच्या हलव्याचा चुरा.

"तू बाहेर कधी गेलीस गं? आणि हा कोट कुठला?"

"दादा, मी आत्ता येतेय. विमानतळावरून."

"थट्टा पुरे. तासाभरापूर्वी बाबांच्या हातावर ओठ टेकून रडलीस. माझ्या वाटणीचा अर्धा हलवासुद्धा खाल्लास."

"तासाभरापूर्वी मी आकाशात होते!"

तिने तिकीट पुढे केलं. त्याने ते वाचलंही नाही.

भिंतीचा आधार घेत बाप आला. नेवेना त्याचा हात धरायला वाकली. त्याने हात पाठीमागे लपवला.

"माझी मुलगी आत भांडी घासतेय," तो म्हणाला. "तू कोण?"

आत नळ वाहत होता...

मग तो बंद झाला.

"बाबा, तिला बाहेर बोलवा! माझ्याशेजारी उभी करा!"

"उंबऱ्यावर पाय ठेवलास तर तंगडं मोडीन," त्सान्को म्हणाला. त्याने दार लावलं. आतून साखळी सरकली.

नेवेना संध्याकाळच्या विमानाने परत आली. पन्नास मिनिटांत.

गेल्या आठवड्यात मी न राहवून त्सान्कोला फोन केला. म्हटलं, "अरे, म्हातारा आहे तोवर नेवेनाला एकदा येऊ दे."

"येऊ दे म्हणजे काय, काका? वर्षभर इथेच तर आहे ती. बाबांना हाताने भरवते."

मागून कुणीतरी विचारलं, "कुणाचा फोन, दादा?"

आवाज नेवेनाचा.

नेवेना इथे सोफियात माझ्यासमोर बसली होती. कॉफी ढवळत. तिने मान वर करून विचारलं, "काय म्हणाला? बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

तिकडे फोन अजून कुणी ठेवला नव्हता...